भंडाऱ्यावरून जाणारी गाडी

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी कामठी आणि कन्हान ओलांडून वरठीला पोहोचते. तिथल्या स्टेशनाचे नाव भंडारा रोड. पुढे तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया, आणि त्यापलीकडे डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनमधून तळी. या लोहमार्गावर १३२ वर्षांच्या अंतराने दोन प्रसंग घडले. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : माणसाने कोणत्या देवाला मानावे, हे कोणी ठरवायचे?

पहिला प्रसंग १८९३ मधला. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीच्या शोधात निघाले होते. वय एकतीस. कोकणातल्या करजगावचा हा चित्पावन कवी नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होता आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवत होता. जातिभेद आणि कर्मकांड यांविषयी त्याच्या मनात आधीपासूनच खळबळ होती. डब्यात त्यांची गाठ अर्नेस्ट वॉर्ड या अमेरिकन मिशनऱ्याशी पडली. बोलणे कवितेवरून सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरण्यापूर्वी वॉर्ड यांनी त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. टिळकांना तेव्हा ते खरे वाटले नाही. पुस्तक मात्र त्यांनी वाचले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना.

दुसरा प्रसंग २५ जुलै २०२५ चा, दुर्ग स्टेशनावरचा. केरळच्या दोन नन आणि एक आदिवासी तरुण यांना तिथे पोलिसांनी अटक केली. त्यांच्यासोबत नारायणपूर भागातल्या तीन तरुणी होत्या. त्या आग्र्याला कामासाठी निघाल्या होत्या. बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी तक्रार केली. मानवी तस्करी आणि सक्तीचे धर्मांतर असे आरोप लागले. आपण स्वखुशीने निघालो होतो, असे तरुणींचे म्हणणे होते. घरच्यांनी सांगितले की मुली आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. तरीही नन तुरुंगात गेल्या. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला तेव्हा त्यांची सुटका झाली.

टिळकांना अडवायला त्या डब्यात कोणी आले नाही. त्यांची परीक्षा नंतर झाली, आणि ती घरच्यांनीच घेतली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी नाशिककडच्या नातेवाइकांत पोहोचली आणि घरात मयत झाल्यासारखे झाले. पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळले ते त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात इतक्या निर्मळपणे सांगितले आहे की त्या हकिगतीत खलनायक सापडत नाही. सापडतात ती आपल्याच मायेने हैराण झालेली माणसे. नवरा जिवंत, कुंकू कायम, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही! अशा अवस्थेत त्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही काळ पंढरपुरात राहिल्या. चार-पाच वर्षे पतिपत्नी वेगळे होते. टिळकांची पत्रे येत राहिली, भांडणे आणि कविता दोन्ही चालू राहिले. शेवटी लक्ष्मीबाई नगरला गेल्या, त्या हिंदू म्हणूनच. सोवळे सुटले नव्हते. आपला स्वयंपाक त्या वेगळा करत. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जातीचा विचार करता करता एके दिवशी त्यांनी स्वतःच शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला.

या घराण्याच्या हकिगतीत छळ म्हणावा असा मारझोडीचा भाग फारसा नाही. आहे तो वाळीत टाकण्याचा. पंगतीत पान नाही, विहिरीवर जागा नाही, सुतकात नाव नाही. मराठी मुलखात ख्रिस्ती होण्याची किंमत शतकभर बहुतेक अशीच वसूल झाली.

टिळकांना दुसऱ्या बाजूनेही झगडावे लागले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या वर्चस्वाखाली देशी ख्रिस्ती मंडळी परक्यासारखी वागू लागली, याचे त्यांना दुःख होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. चर्चमध्ये त्यांनी अभंग आणले, कीर्तन आणले, टाळ आणले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्या दरबारात जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले. ज्यांनी त्यांच्यावर धर्म विकल्याचा आरोप केला त्यांनी हा पगार सोडल्याचा तपशील क्वचितच लक्षात ठेवला.

टिळकांच्या आधीच्या पिढीने याहून कडक दिवस पाहिले होते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा, तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांना परत मिळाला. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. ख्रिस्त्यांच्या घरी जेवलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन घ्यावे अशी बाजू घेतली, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. बाहेर जाणाऱ्याला शिक्षा, परतणाऱ्याला शिक्षा आणि परतणाऱ्याचा हात धरणाऱ्यालाही शिक्षा. नारायण शेषाद्री पुढे जालन्याला गेले आणि तिथे त्यांनी मांग समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल नावाचे गाव वसवले. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडू नये असा कायदा कंपनी सरकारने १८५० मध्ये केला. तोवर बाप्तिस्म्याचे पाणी अंगावर पडले की वडिलोपार्जित घर-शेतीवरचा हक्कही धोक्यात येई. बेळगावात १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या बाबा पदमनजींना कायद्याने आधार दिला, पण बायको मिळवून दिली नाही. ती त्यांच्याकडे नांदायला आली नाही.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. विधवा मुलींसाठी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असा त्यांचा शब्द होता. रमाबाई स्वतः मात्र दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ मध्ये गहजब झाला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. अल्पवयीन, निराधार मुलींचा प्रश्न होता. पण ज्या समाजाने त्या मुलींचे केशवपन केले होते, तोच त्यांच्या आत्म्याची राखण करायला धावून आला. ही विसंगती तेव्हाही काहींच्या लक्षात आली होती.

भंडाऱ्यात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी जवळजवळ चार दशके आधी घातलेल्या पायावरचाच हा विस्तार. धान, पितळी भांडी आणि कोशाच्या कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती कधीच मोठी झाली नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती आणि त्यात ख्रिस्ती अगदी नगण्य. सबंध महाराष्ट्रात त्यांची संख्या १०,८०,०७३, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. उत्तर भारतातली अनेक प्रॉटेस्टंट मंडळे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात. भंडाऱ्यातला जुना स्कॉटिश वारसाही या प्रवाहातलाच.

इतक्या लहान समाजाची गोष्ट भंडाऱ्याच्या वाचकाने का ऐकावी? १९५४ आणि १९५६ या दोन सालांसाठी ऐकावी. धर्म बदलणे म्हणजे काय, हे भंडाऱ्याइतके जवळून पाहिलेले जिल्हे देशात थोडे आहेत.

१९५४ मध्ये भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. रायगढ, सरगुजा, जशपूरकडच्या आदिवासी भागात मिशनऱ्यांविरुद्ध तक्रारी वाढत होत्या. सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी चौकशी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी अध्यक्ष झाले. सेठ गोविंददास, घनश्यामसिंह गुप्त अशी मंडळी सदस्य होती. त्यांत एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापकही होते. योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक रंगली होती. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ते आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले.

नियोगी समितीने चौदा जिल्ह्यांत फिरून ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. १९५६ मध्ये अहवाल आला. कर्जाच्या बदल्यात धर्मांतर, शाळेत प्रवेशाच्या बदल्यात धर्मांतर, अशा अनेक तक्रारी त्यात नोंदल्या आहेत. त्यातल्या काही खऱ्या असणार. भुकेल्या माणसाला दिलेले कर्ज आणि श्रद्धा यांची गाठ मारणे हा त्या माणसाचा आणि ख्रिस्ताचाही अपमान आहे, असे प्रामाणिक ख्रिस्ती माणूसही म्हणेल. पण समिती तक्रारींवर थांबली नाही. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, दवाखान्यासारख्या सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा, धर्मप्रचाराचा हक्क फक्त भारतीय नागरिकांपुरता ठेवण्यासाठी घटनेत दुरुस्ती करावी, अशा शिफारशी तिने केल्या. कुष्ठरोग्याची जखम धुणाऱ्या हाताकडेही संशयाने बघण्याची सवय या अहवालाने सरकारी भाषेत आणली. ती आजही टिकून आहे.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो लोकांना दीक्षा दिली. पवनी, साकोली, तुमसर, लाखांदूरकडच्या कितीतरी घरांतून माणसे बैलगाडीने आणि पायी नागपूरला गेली होती. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांमध्ये एक नाव होते भवानीशंकर नियोगींचे. काही महिन्यांपूर्वी धर्मांतराच्या चौकशीचा अहवाल सादर करणारे न्यायमूर्ती स्वतःचा धर्म बदलत होते! त्यांना कोणी विचारले नाही, तुम्हाला कसले आमिष दाखवले? विचारायला नकोच होते. विवेकी, सुशिक्षित माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात घेतलेला तो निर्णय होता आणि तो घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तोच अधिकार सरगुजाच्या निरक्षर उराँव शेतकऱ्याला आहे की नाही? नियोगी अहवाल वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. गरीब माणूस धर्म बदलतो तेव्हा तो फसवला गेला, असे गृहीत धरणे म्हणजे त्याला मन नाही असे म्हणणे. दीक्षाभूमीवर गेलेल्या माणसांबद्दलही तेव्हा असेच बोलले गेले होते. त्यांची नातवंडे आज भंडाऱ्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, तलाठी आहेत. त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दीक्षेनंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, भंडारा मुंबई राज्यात आला. त्यामुळे नियोगी अहवालाच्या वातावरणातून जन्मलेला १९६८ चा मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम जिल्ह्याला लागू झाला नाही. सीमेपलीकडच्या बालाघाटात तो लागू झाला. बळ, प्रलोभन किंवा फसवणूक यांनी केलेले धर्मांतर गुन्हा ठरले आणि विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक झाले. रायपूरच्या फादर स्टॅनिस्लॉस यांनी याविरुद्ध लढा दिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा तो निकाल. महाराष्ट्र सरकारनेही १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून अशा कायद्याच्या दिशेने पाऊल टाकले.

कायद्याचा आणखी एक फास दलित ख्रिस्त्यांच्या गळ्याभोवती आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. भंडाऱ्यातल्या बौद्धांना ही वाट पाहणे माहीत आहे. केंद्राच्या सवलतींसाठी त्यांनाही चौतीस वर्षे थांबावे लागले. जात बाप्तिस्म्याने सुटत नाही, पाटलाच्या विहिरीवर तर नाहीच. म्हणून कित्येक कुटुंबांत एक धर्म कागदावर आणि दुसरा रविवारी सकाळी. शाळेच्या दाखल्यासाठी आपली श्रद्धा झाकून ठेवायला लावणे, हाही छळच आहे. फक्त त्यात रक्त सांडत नाही.

रक्त सांडते ते रेल्वेमार्गाच्या पलीकडच्या टोकाला. डिसेंबर २०२२ मध्ये छत्तीसगडच्या नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतल्या अनेक गावांतून ख्रिस्ती आदिवासींना हाकलून देण्यात आले. ऐन नाताळात त्यांनी सरकारी छपराखाली दिवस काढले. २ जानेवारी २०२३ ला नारायणपुरात शाळेच्या आवारातल्या चर्चवर जमाव चालून गेला. थांबवायला गेलेले पोलिस अधीक्षकही डोक्याला दगड लागून जखमी झाले. दोन वर्षांनी बस्तरमधल्या छिंदवाडा गावात एक पाद्री वारले. त्यांना गावच्या स्मशानात पुरू द्यायला ग्रामस्थांनी विरोध केला. मुलाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. २७ जानेवारी २०२५ रोजी दोन न्यायाधीशांची मते वेगळी पडली. न्या. नागरत्ना यांच्या मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन होऊ द्यायला हवे होते. न्या. शर्मा यांना ते मान्य नव्हते. मृतदेह जवळजवळ वीस दिवस शवागारात पडून होता, म्हणून अखेर दोघांनी मिळून वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत तो न्यावा असा आदेश दिला. वाळीत टाकण्याची जुनी रीत इथे मरणानंतरही चालू राहिली.

युनायटेड ख्रिश्चन फोरम या संघटनेने २०२४ मध्ये देशभरात ख्रिस्त्यांविरुद्धच्या ८३४ घटना नोंदवल्या. उत्तर प्रदेश आणि छत्तीसगड आघाडीवर.

अशा वेळी ख्रिस्ती माणसे काय करतात? काही घाबरतात आणि गप्प बसतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्या कोणालाही नाही. काही न्यायालयात जातात. आणि काही असे वागतात की त्यापुढे बोलती बंद होते. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, उदयनगरला, सिस्टर राणी मारिया नावाची केरळची नन काम करत होती. भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी तिने बचतीचे गट उभे केले आणि बँकेची कर्जे मिळवून दिली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये तिला भोसकून मारण्यात आले. मारेकरी भाडोत्री होता. तिच्या धाकट्या बहिणीने, जी स्वतः नन होती, तुरुंगात जाऊन त्याच्या हातावर राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि तो सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदुरात राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा तो समारंभाला हजर होता.

महाराष्ट्रातली ताजी साक्ष धाराशिवची. वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि ‘सुबोध बायबल’ लिहिले. हरित वसईच्या चळवळीत ते जमीनमाफियांसमोर उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये, धाराशिवला भरणार असलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. पाद्री मराठीचा अध्यक्ष कसा, असा सूर निघाला. उद्‌घाटक ना. धों. महानोरांनाही जाऊ नका म्हणून सांगण्यात आले. महानोर गेले. १० जानेवारी २०२० ला दिब्रिटो पाठीच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीतून व्यासपीठावर आले. ते आपल्या समाजाची तक्रार मांडत बसले नाहीत. गाईच्या नावावर होणाऱ्या हत्या आणि विद्यार्थ्यांवरचे हल्ले यांविषयी ते बोलले आणि अशा काळात लेखकाने गप्प राहू नये, असे त्यांनी बजावले. छळाच्या सावटाखाली उभ्या असलेल्या ख्रिस्ती माणसाने इतरांच्या छळाबद्दल बोलावे, यात त्यांच्या श्रद्धेचे सारे बळ दिसले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

भंडाऱ्यात अशी मोठी नावे नाहीत. इथे आहेत ती रविवारी बायबल घेऊन सायकलने चर्चला जाणारी कुटुंबे, रुग्णालयातल्या परिचारिका, एखाद्या खेड्यात घरातच प्रार्थना घेणारा शेतमजूर. त्याच्या दाराशी उद्या दहा जण जमले आणि तू कोणाला फसवतोस असे विचारू लागले, तर पोलिसांच्याही आधी तिथे पोहोचेल तो त्याचा शेजारी. १९५६ साली ज्या घरातून आजोबा नागपूरला पायी गेले, त्या घराचा नातू तो असण्याचीच शक्यता जास्त. त्याने जमावासमोर उभे राहून एवढेच म्हणावे, की याला आणि याच्याकडे आलेल्यांना आधी बोलू द्या. घटनेच्या २५ व्या कलमाने तो हक्क त्या मजुराला दिलेला आहे.